सरांनी घरबसल्या फोन मागवला

मोबाइल कंपनीच्या दुकानात जाऊन फोन घेणारा माणूस म्हणजे आपल्या पायांनी चालत जाऊन, रांगेत उभा राहून, नंबर आला की फसणारा माणूस, असं सरांनी एका रविवारी सकाळी चहाच्या टेबलावर जाहीर केलं. यापुढे आपण त्या दुकानाची पायरी चढणार नाही. नवा फोन इंटरनेटवरून मागवणार. घरबसल्या, शांतपणे, सगळा विचार करून, कोणाच्या तोंडाकडे न बघता!

बायकोने वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता "बरं" म्हटलं. सासूबाईंनी मात्र चष्मा पुसून जावयाकडे नीट पाहिलं आणि विचारलं, की तोंडाकडे न बघता घेतलेली वस्तू बिघडली तर भांडायचं कोणाशी? सरांनी यावर नुसतं हसून मान हलवली. जुन्या पिढीला समजायला वेळ लागतो, असा त्या हसण्याचा अर्थ होता. सासूबाईंना तो बरोबर कळला आणि त्यांनी तो लक्षात ठेवला.

सर म्हणजे शाळेतले सर नव्हेत. ते गाडी चालवायला शिकवत. छोटी पांढरी गाडी, टपावर पिवळी पाटी आणि शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक. त्या ब्रेकवर पाय ठेवून त्यांनी निम्म्या गावाला रस्त्यावर आणलं होतं. त्यांचा धीर प्रसिद्ध होता. एकदा एका बँक मॅनेजरने गाडी थेट फुलांच्या दुकानात घातली, तेव्हा काचेवर पसरलेल्या गुलाबांमधून बाहेर बघत सर म्हणाले होते, "छान. आता हळूच मागे घेऊ." गाडीत कितीही गोंधळ होवो, त्यांचा आवाज चढत नसे. 'घाई नको' हे शब्द ते दिवसभरात इतक्यांदा म्हणत, की झोपेतही तेच म्हणतात अशी बायकोची तक्रार होती.

पण हा धीर गाडीतून उतरला की संपायचा. दुकानात तर हमखास. समोरची विक्रेती हसून "सर, खास तुमच्यासाठी एक योजना आहे" म्हणाली, की सरांचा उजवा पाय आपोआप ब्रेक शोधायला लागायचा, आणि दुकानाच्या फरशीला ब्रेक नसायचा. एकदा ते फक्त चार्जर आणायला गेले आणि कुटुंब-योजना घेऊन आले. तेव्हापासून घरात माणसं तीन आणि नंबर पाच. त्यातला एक नंबर नक्की कोणाचा, हे अजून कोणाला कळलेलं नव्हतं. वाढदिवसाच्या शुभेच्छा मात्र त्यावर नियमाने येत. त्यानंतर एकदा बिल जास्त का आलं हे विचारायला ते तावातावाने गेले, आणि येताना मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ होतं. दिवसभर गाडीत बसून काढणाऱ्या माणसाला ते घड्याळ रोज संध्याकाळी काळजीच्या सुरात विचारायचं, की आपण ठीक आहात ना?

तर असा माणूस आता शहाणा झाला होता.

फोनची गरज खरी होती. जुन्या फोनच्या काचेला कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे गेले होते. आवाज तर असा, की समोरच्याच्या दर दोन शब्दांतला एक शब्द फोन स्वतःच गिळायचा. शिकणाऱ्यांच्या वेळा फोनवरच ठरत, त्यामुळे हल्ली सर एका टोकाला वाट बघत उभे आणि विद्यार्थी दुसऱ्या टोकाला, असं वरचेवर होत होतं.

सरांनी अभ्यास सुरू केला. अनोळखी लोकांनी लिहिलेले अभिप्राय त्यांनी असे वाचले, जसे लोक मुलीसाठी स्थळं बघताना वाचतात. कोणाचा फोन तापतो, कोणाचा पाण्यात पडूनही जगला, कोणाला रंग फोटोत वेगळा दिसला होता, हे सगळं त्यांना तोंडपाठ झालं. लाल सिग्नलला गाडी थांबली की ते शिकणाऱ्याला कॅमेऱ्याबद्दल सांगायला लागत, आणि मागच्या गाड्या भोंगे वाजवायला लागल्या की म्हणत, "घाई नको."

शेवटी एक फोन मनात भरला. सवलत चालू होती, साठा संपत आला होता. सरांनी दीर्घ श्वास घेऊन बटण दाबलं. त्याआधी पडद्यावर बऱ्याच छोट्या छोट्या चौकटी आल्या होत्या, त्या त्यांनी एका मागोमाग एक मान्य केल्या. कोणी हसून समोर बसलेलं नव्हतं, त्यामुळे घाबरण्यासारखं काही वाटलं नाही.

आता प्रश्न फोन घरी कोण घेणार याचा. बायको दिवसभर प्रयोगशाळेत आणि सर गाडीत. राहिल्या सासूबाई. सासूबाई निवृत्त होईपर्यंत मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर होत्या. फाटकातून कोणाला आत सोडायचं आणि कोणाला नाही, या विषयात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. तरी सरांनी त्यांना समोर बसवून फसवणुकीचे प्रकार समजावून सांगितले. सर्वांत वाईट प्रकार हा, की एकदा पार्सल येऊन गेल्यावर थोड्या वेळाने दुसराच कोणी काहीतरी घेऊन येतो, गोड बोलतो, चूक झाली म्हणतो आणि पहिलं पार्सल घेऊन पसार होतो. तेव्हा लक्षात ठेवायचं, की आपलं पार्सल एकच येणार. दुसरं आलं की समजायचं, चोर.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि चोर आला तर त्याचं काय करायचं?"

"हाकलून द्यायचं," सर म्हणाले.

पार्सलच्या दिवशी सकाळी सरांच्या गाडीत डॉक्टरीणबाई होत्या. या दातांच्या डॉक्टर. हात इतका हलका, की दाढ निघाली हे पेशंटला बिल हातात आल्यावर कळायचं. पण तोच हात स्टिअरिंगवर आला की लाकूड व्हायचा. सरळ रस्त्यावर त्या ठीक चालवत. दोन उभ्या गाड्यांच्या मधल्या जागेत गाडी लावायची म्हटली, की मात्र त्यांच्या कपाळावर घाम यायचा. परवान्याच्या परीक्षेत त्या प्रत्येक वेळी तिथेच नापास झाल्या होत्या. शेवटच्या वेळी तर परीक्षक स्वतःच उतरून पायी कचेरीत परत गेले होते.

या वेळची परीक्षा त्यांच्यासाठी साधी नव्हती. लांबच्या शाळांमध्ये जाऊन मुलांचे दात तपासायला एक फिरता दवाखाना मिळणार होता. मोठी गाडी, आत खुर्ची, दिवा, सगळी हत्यारं. अट एकच, डॉक्टरांना स्वतःला गाडी चालवता आली पाहिजे. बाईंनी त्यासाठी वर्षानुवर्षं अर्ज केले होते, आणि आज परवाना मिळाला नाही तर ती गाडी दुसऱ्या कोणाकडे जाणार होती. परीक्षा त्याच दिवशी दुपारी होती. म्हणून सकाळी फक्त गाडी लावण्याचा सराव करायचा, तोही अगदी शांत डोक्याने, असं सरांनी त्यांना कबूल केलं होतं. बाईंनी पेशंटला 'अजिबात दुखणार नाही' असं सांगावं, त्याच सुरात सर त्यांना 'अजिबात अवघड नाही' असं सांगत होते. बाईंना तो सूर ओळखीचा होता, त्यामुळे त्यांचा विश्वास बसत नव्हता.

मैदानाजवळच्या रिकाम्या रस्त्यावर पहिला प्रयत्न चालू असताना सरांचा फोन वाजला. शिकवताना फोन घ्यायचा नाही हा त्यांचा नियम. तो त्यांनी त्या दिवशी मोडला. सासूबाईंचा आवाज विहिरीतून यावा तसा येत होता, आणि तोही तुकड्यातुकड्यांनी. सरांना ऐकू आलं ते एवढंच: "पार्सल... तो माणूस... गोड बोलत... मी छत्री... चांगला हाकलून... तुम्ही काळजी..." मग फोनने उरलेलं वाक्य गिळलं आणि तो गप्प झाला.

पाठोपाठ संदेश आला. ग्राहकाने पार्सल घेण्यास नकार दिला आहे, पार्सल परत पाठवण्यात येत आहे.

सरांनी तो तड्यांमधून पुन्हा पुन्हा वाचला. काय झालं असणार ते त्यांच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. बिचारा माणूस फोन घेऊन आला, सासूबाईंनी त्याला चोर समजून छत्रीने पिटाळलं, आणि इतक्या अभ्यासाने निवडलेला तो फोन आता परतीच्या वाटेला लागला. साठा संपला होता, सवलतही संपली होती. शिवाय संध्याकाळी बायको विचारणार होती. ती काही बोलणार नव्हती, फक्त "बरं" म्हणणार होती, आणि तेच सरांना सहन होणारं नव्हतं.

कंपनीच्या नकाशावर पार्सलच्या व्हॅनचा ठिपका दिसत होता. व्हॅन दोनच गल्ल्या पलीकडे होती.

"बाई," सर म्हणाले, आणि त्यांचा आवाज चढलेला होता, "गाडी काढा. जरा घाई आहे."

डॉक्टरीणबाईंनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. खुर्चीत तोंड उघडून बसलेल्या पेशंटला, डॉक्टरच 'अरे देवा' म्हणाल्याचं ऐकू आलं तर जसं वाटेल, तसं त्यांना वाटलं. सरांनी घाईघाईत सगळं सांगितलं आणि जागा बदलू, थोडा वेळ मीच चालवतो, असं सुचवलं. बाईंनी स्टिअरिंग आणखी घट्ट धरलं. परीक्षेआधीचा हा त्यांचा शेवटचा तास होता. तो त्या कोणाच्या फोनपायी सोडणार नव्हत्या.

"गाडी मीच चालवणार," त्या म्हणाल्या. "तुम्ही कुठे जायचं तेवढं सांगा."

आणि पाठलाग सुरू झाला. त्याला पाठलाग म्हणणं हे तसं धाडसाचंच. बाई ठरवून दिलेल्या वेगाच्या वर काटा जाऊ देत नव्हत्या. एक सायकलवाले आजोबा त्यांच्या शेजारून पुढे गेले आणि जाताना त्यांनी मान लववून नमस्कारही केला. पण व्हॅनही काही पळत नव्हती. ती दर थोड्या घरांनी थांबायची, माणूस उतरायचा, पार्सल द्यायचा, सही घ्यायचा. त्यामुळे ती सापडायला काहीच अवघड नव्हतं. अवघड होतं ते थांबणं.

शिंप्याच्या दुकानासमोर व्हॅन उभी दिसली तेव्हा सर ओरडलेच, की थांबवा, इथेच थांबवा. बाईंनी शांतपणे त्यांना समोरची पाटी दाखवली. इथे थांबायला मनाई होती आणि ही पाटी ओळखायला सरांनीच शिकवलं होतं. मग त्यांनी थोडं पुढे दोन गाड्यांच्या मधली जागा शोधली. मागचा आरसा पाहिला. बाजूचा आरसा पाहिला. इशारा दिला. पुन्हा मागचा आरसा पाहिला. गाडी अर्धी आत आणि अर्धी रस्त्यावर अशी तिरकी अडकली, म्हणून बाहेर काढून त्यांनी पहिल्यापासून सगळं केलं. गाडी जागेवर बसली तेव्हा व्हॅन कोपऱ्यावरून वळत होती.

"काय चुकलं माझं?" बाईंनी विचारलं.

काहीच चुकलं नव्हतं. हेच तर दुःख होतं.

गायनाच्या क्लासबाहेर व्हॅन पुन्हा सापडली. या वेळी सरांनी गाडी पुरती थांबायची वाट पाहिली नाही. दार उघडून त्यांनी बाहेर उडी घेतली आणि दोन्ही हात हलवत, "अहो, थांबा, थांबा" करत ते व्हॅनकडे धावले. सरांचा देह धावण्यासाठी बनलेला नव्हता. धावताना त्यांचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या दिशांना जात. व्हॅनच्या आरशात पार्सलवाल्याला दिसलं ते असं: एक भलाथोरला माणूस, लालबुंद चेहरा, हात वर करून आपल्या अंगावर येतोय. सकाळीच एका म्हातारीच्या छत्रीचा प्रसाद मिळालेला तो माणूस. त्याने मागचं दार नीट न लावताच व्हॅन हाणली. गायनाच्या क्लासमधला सूर मधेच तुटला आणि खिडकीत सगळा वर्ग जमा झाला.

सर धापा टाकत परत आले. आधी त्यांना बाईंकडून बोलणी खावी लागली, की चालत्या गाडीतून उतरायचं नसतं, पट्टा काढण्याआधी मागे बघायचं असतं. सरांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. त्या नादात त्यांच्या एक गोष्ट लक्षातच आली नाही. ते धावायला गेले होते तेवढ्या वेळात बाईंनी गाडी दोन मोटारींच्या मधे अगदी नीट लावून ठेवली होती, आणि शेजारी सांगायला कोणी नव्हतं. बाईंच्याही ते लक्षात आलं नाही. त्यांचं लक्ष व्हॅनकडे होतं. आता त्यांनाही ती पकडायचीच होती.

पुढची वेळ दवाखान्याच्या फाटकाशी. तिथे व्हॅन हातची गेली, कारण एका रुग्णवाहिकेला वाट द्यायला हवी होती. त्यानंतरची छापखान्याच्या गल्लीत. तिथे सर काचेतून अर्धे बाहेर येऊन पार्सलवाल्याला स्वतःचा पत्ता ओरडून सांगत होते, आणि त्याने त्याचा अर्थ असा घेतला, की हा मला कुठेतरी बोलावतोय. मग जुन्या फोनने कच खाल्ली. नकाशावरचा ठिपका सरकत सरकत थेट तळ्यात गेला आणि तळ्याच्या बरोबर मध्यावर जाऊन थांबला. तरीही सरांनी गाडी तळ्याकडे न्यायला लावली. काठावर एक गृहस्थ बदकांना दाणे घालत होते. सरांनी त्यांना विचारलं, की इथे एखादी व्हॅन आली होती का? गृहस्थांनी पाण्याकडे पाहिलं, मग सरांकडे पाहिलं, आणि अत्यंत सहानुभूतीने नाही म्हटलं. तेवढ्यात बाईंनी भोंगा वाजवला. व्हॅन त्यांच्या पाठीमागच्या रस्त्यावरून चालली होती.

ती वाचनालयासमोर थांबली. पुढे एक अवजड मालट्रक उभा होता आणि पार्सलवाल्याने व्हॅन त्याला अगदी चिकटवून लावली होती. व्हॅनच्या मागे थोडी जागा होती आणि त्यामागे एक मोठी मोटार. एरवी ती जागा बघून डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटले असते. आज त्यांनी ती नुसती नजरेने मोजली.

"दोन दाढांच्या मधे कॅप बसवायची असते ना," त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "तशीच आहे ही."

सरांनी काही सांगितलं नाही. सांगण्याच्या अवस्थेत ते नव्हतेच. त्यांचे दोन्ही हात समोरच्या डॅशबोर्डवर आणि पाय ब्रेकवरून कधीच निघालेला. गाडी एकदा मागे गेली, एकदा वळली आणि त्या जागेत अशी जाऊन बसली, जशी ती तिथेच तयार झाली असावी. पुढे वीतभर, मागे वीतभर. व्हॅनला आता निघायला वाटच उरली नाही.

पार्सलवाला वाचनालयातून बाहेर आला, त्याने व्हॅनच्या पुढे पाहिलं, मागे पाहिलं आणि दोन्ही हात वर केले. एका हातात पेन होतं.

"साहेब, काय न्यायचं ते न्या," तो म्हणाला. "फक्त प्रत्येक पार्सलवर सही करा. नाहीतर माझ्या नावावर पडतं."

सरांनी आधी त्याचे हात खाली घ्यायला लावले, मग माफी मागितली, मग आपला पत्ता सांगितला. पत्ता ऐकताच पार्सलवाल्याचा हात नकळत डोक्यामागे गेला. तिथे छत्री लागली होती. सर म्हणाले की झाला प्रकार गैरसमजाचा आहे, तो फोन माझा आहे, आणि तो तेवढा द्या म्हणजे झालं.

"फोन?" पार्सलवाल्याने विचारलं. "फोन तर मी सकाळीच देऊन आलो."

मग त्याने जे सांगितलं ते ऐकताना सरांना धरणी दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं असं झालं. फोन तो सकाळी पहिल्या फेरीतच घेऊन गेला होता. आजींनी त्याचं ओळखपत्र पुढून पाहिलं, मागून पाहिलं, आईची तब्येत विचारली, सही केली, वर प्यायला पाणी दिलं. इतकी चांगली बाई त्याला आठवडाभरात भेटली नव्हती. व्हॅनपाशी आल्यावर त्याला दिसलं, की त्याच पत्त्यावरचं आणखी एक पाकीट राहिलंय. म्हणून तो उलट पावली परत गेला आणि म्हणाला, की आजी, जरा चूक झाली, तुमचं अजून एक पार्सल आहे. पुढचं त्याला नीट आठवत नव्हतं, कारण पुढे छत्री होती.

त्याने ते पाकीट आणून दिलं. पातळ आणि हलकं. सरांनी ते रस्त्यातच उघडलं. आत फोनला घालायचं रबरी कव्हर होतं. जांभळं, चमचमतं, आणि मागे डोळे मिचकावणारं मांजर. फोनबरोबर मोफत. ऑर्डर देताना मान्य केलेल्या छोट्या चौकटींपैकी एक चौकट ही होती.

डॉक्टरीणबाईंनी कव्हर हातात घेऊन पाहिलं आणि रबर चांगलं आहे असं म्हणाल्या. पार्सलवाल्याने सही घेतली. मग त्याने अदबीने विचारलं, की आता आपल्याला जाऊ देणार का?

बाईंनी गाडीत बसून ती एका वळणात बाहेर काढली आणि रस्त्याच्या कडेला उभी केली. पार्सलवाला बघतच राहिला. रोज दिवसभर तोही हेच करत होता, त्यामुळे त्यातलं त्याला कळत होतं.

"झकास," तो म्हणाला.

बाईंनी मागे वळून त्या जागेकडे पाहिलं. मग सरांकडे. सकाळपासून आपण किती वेळा गाडी लावली असेल, असं त्यांनी हळूच विचारलं. सरांनी मोजलं नव्हतं. तेवढ्यात परीक्षेची वेळ होत आली हे एकदमच दोघांच्या ध्यानात आलं.

परीक्षक तेच होते, मागच्या वेळी पायी गेलेले. बाईंना पाहून त्यांनी गाडीत बसण्याआधी बुटांच्या नाड्या घट्ट केल्या. फेरी झाली. मग त्यांनी दोन खांबांच्या मधली जागा दाखवली आणि डोळे अर्धवट मिटून घेतले. ते उघडले तेव्हा गाडी जागेवर होती. बाईंनी विचारलं, की आणखी कडेला हवी असेल तर घेऊ का? परीक्षकांनी दार उघडून वाकून अंतर पाहिलं, हाताने मोजलं, उठून पुन्हा दुसऱ्या बाजूने पाहिलं. शेवटी त्यांनी सही केली, पण तोंडावर कुठेतरी आपलीच परीक्षा घेतली गेल्याचा भाव होता.

कचेरीच्या पायऱ्यांवर डॉक्टरीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. लांबच्या त्या शाळांमधली मुलं आता त्यांची होती. इतकी वर्षं आपल्याला हे जमलं नाही आणि एका सकाळीत सरांनी कसं घडवून आणलं, ते त्यांनी तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांना सांगायला सुरुवात केली. मनातली भीती काढायची तर मन दुसरीकडे गुंतवायला हवं, हे सरांनी ओळखलं. त्यासाठी पार्सलची गोष्ट रचली, धावले काय, ओरडले काय, स्वतःचं हसू करून घेतलं, पण शिष्याला घडवलं! सरांनी दोनतीनदा मधे तोंड घालून सांगायचा प्रयत्न केला, की बाई, तसं काही नव्हतं, मला खरंच फोन हवा होता.

"तुम्ही ना, उगाच कमीपणा घेता," बाई म्हणाल्या. परीक्षकांनी सरांना बाजूला घेऊन त्यांचा नंबर मागितला. त्यांच्या भाचीचं चार ठिकाणी गाडी शिकून झालं होतं.

सर घरी आले तेव्हा सासूबाई फोनच्या खोक्यासमोर खुर्ची टाकून बसल्या होत्या. खोक्यावर ताटली झाकलेली आणि मांडीवर छत्री आडवी. चोर कसा आला, कसा गोड बोलला, बरोबर जावयांनी सांगितलं होतं तसाच, एका अक्षराचा फरक नाही, हे त्यांनी सविस्तर सांगितलं. इतका नेमका इशारा देणाऱ्या जावयाचं त्यांना मनापासून कौतुक वाटत होतं. सरांना त्यांच्या डोळ्यांत स्वतःबद्दल आदर प्रथमच दिसला, आणि तो घालवायला त्यांचा जीव झाला नाही. चोर निष्पाप होता हे त्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. सासूबाईंनी ते ऐकून पार्सलवाल्यासाठी स्वतः विणलेली लोकरीची टोपी बाजूला काढून ठेवली.

बायकोने संध्याकाळी सगळी हकीकत शांतपणे ऐकली. हसून हसून तिच्या पोटात दुखायला लागलं. मग डोळे पुसत तिने फक्त एवढंच विचारलं, की घरबसल्या एकूण किती किलोमीटर झाले?

नवा फोन छान होता. आवाज स्वच्छ, शब्द न् शब्द ऐकू येणारा. तो वाजायला लागला तो थांबेच ना. परीक्षकांची भाची, बँक मॅनेजरची बायको, गायनाच्या क्लासमधल्या बाई, ज्यांनी खिडकीतून सगळं पाहिलं होतं. प्रत्येकाला गाडी लावायची भीती होती आणि प्रत्येकाला तो पाठलागाचा धडा हवा होता. सर प्रामाणिकपणे सांगायचे, की असा काही धडा नसतो. त्यावर लोक म्हणायचे, कळलं, आधी सांगायचं नसतं ना? आम्ही काही विचारत नाही. कोणत्या दिवशी येऊ?

नाही म्हणणं सरांच्या स्वभावातच नव्हतं.

पण पाठलाग करायचा तर पुढे व्हॅन हवी, आणि व्हॅन यायची तर काहीतरी मागवायला हवं. सरांनी आधी एक कंगवा मागवला. मग मोज्यांचा एक जोड. मग रबरी बुचं, खडूचं पाकीट, बाटल्या घासायचा ब्रश. सासूबाईंना सांगून ठेवलं, की सकाळी पार्सल आलं तर घ्यायचं नाही, परत पाठवायचं. सासूबाई टोपी घातलेल्या पार्सलवाल्याला दारातच चहा देत आणि पार्सल परत नेण्याची आठवण करून देत. मग तो गावातून आपली नेहमीची फेरी सुरू करी, आणि थोड्या अंतरावर पिवळ्या पाटीची पांढरी गाडी त्याच्या मागे लागे. हल्ली तर तो स्वतःच एखादी अवघड जागा हेरून व्हॅन तिच्या पुढे लावतो आणि आत बसून डबा खात वाट बघतो.

परवा परीक्षकांच्या भाचीने त्याला वाचनालयासमोर पकडलं. गाडी जरा तिरकी होती, पण आत होती. सरांनी खाली उतरून सही केली, पाकीट घेतलं आणि खिशात घालायला गेले. तेवढ्यात ते फाटलं आणि आतून नखं कापायची कात्री रस्त्यावर पडली. भाचीने ती उचलून दिली आणि हे काय म्हणून विचारलं.

सरांनी क्षणभर पार्सलवाल्याकडे पाहिलं. तो आकाशाकडे बघत होता.

"अभ्यासक्रमाचं साहित्य," सर म्हणाले.